चाकांवरचे घर आणि उन्हाची वीज

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिमेस क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या भोवतालच्या सरकारी वाळवंटात १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत परवाना काढून दीर्घकाळ मुक्काम करता येतो. उत्तरेकडील हिमाला कंटाळलेली हजारो वयोवृद्ध माणसे आपली चाकांवरची घरे घेऊन तेथे उतरतात. त्या माळावर विजेचा खांब नाही. छपरावरची सौर पॅनेले दिवसभर ऊन गोळा करतात आणि ती वीज बॅटरीत साठवून रात्र काढावयाची, असा तेथील संसार.

वाळवंटातील रात्र मात्र कडाक्याच्या थंडीची असते. घर उबदार ठेवणारी भट्टी गॅसवर पेटते खरी, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. पहाटे चारच्या सुमारास तो पंखा मंदावून थांबला, की म्हाताऱ्या माणसांची काय अवस्था होते ते सांगावयास नको. सकाळ होताच पहिला आरोप येतो तो छपरावरच्या पॅनेलवर.

वास्तविक या सगळ्या साखळीत पॅनेल हेच सर्वांत कमी दगा देणारे. त्यात फिरणारा, झिजणारा असा एकही भाग नाही. म्हणून शहाणा माणूस शिडी न लावता व्होल्टमीटर घेऊन आधी बॅटरीपाशी बसतो. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून विसावलेली असेल, तर १२.७ च्या आसपास आकडा दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. भर दुपारी, वीज भरत असताना, हाच आकडा १४ च्या पुढे चढावयास हवा. तो चढत नसेल तर एकेक पायरी मागे जावे. पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये बसलेल्या नियंत्रकाच्या टोकाशी १४.२ आणि बॅटरीपाशी १३.३ असे दिसले, तर हरवलेला व्होल्ट वाटेतच खर्च होत आहे. तार बारीक आहे, नट सैल आहे, नाहीतर टोकावर पांढरट-हिरवी भुकटी साचली आहे. आपल्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी ज्यांच्या घरी आहे, त्यांना ही भुकटी चांगली परिचित असेल.

येथे एक फसगत संभवते. पॅनेलच्या तारा सोडवून मोजल्या, तर ३६ घटांचे पॅनेल २० व्होल्टच्या आसपास आकडा दाखवते आणि माणूस निर्धास्त होतो. पण नळ बंद असताना गाळाने बुजत आलेल्या नळीतही पाण्याचा दाब पूर्णच भरतो. नळ सोडला म्हणजे खरे कळते. त्याचप्रमाणे प्रवाह वाहत असतानाच सैल सांधा उघडा पडतो. म्हणून दाबाबरोबर प्रवाहही मोजावा. मात्र बॅटरीच्या तारा नियंत्रकापासून सोडविण्यापूर्वी पॅनेलच्या तारा सोडवाव्यात, आणि हातातली अंगठी आधी काढून ठेवावी. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरे. परंतु दोन टोकांमध्ये धातू आडवा पडला तर तो क्षणात तापून लाल होतो.

तारा, फ्यूज, सांधे सर्व ठीक निघाले, तर मग छपराकडे पाहावे. पॅनेलचे घट माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे एका घटावर पडलेली सावलीदेखील पॅनेलच्या मोठ्या भागाचे काम बंद पाडू शकते.

आणि कधी कधी बिघाड कोठेच नसतो. डिसेंबरच्या अखेरीस क्वार्ट्झसाइटला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो, आणि दिवस सुमारे दहा तासांचा. छपरावर आडवे पडलेले पॅनेल त्या वेळी सूर्यासन्मुख पॅनेलच्या निम्म्याहून थोडेच अधिक ऊन घेते. उलट भट्टी रात्रीच अधिक वेळ चालते. जमा घटली आणि खर्च वाढला, एवढाच तो हिशेब. पॅनेलला मागून टेकू देऊन त्याचे तोंड दक्षिणेकडे कलते केले, की पुष्कळ फरक पडतो. मात्र वारा उठला किंवा घर हलवावयाचे झाले, की ते आठवणीने पुन्हा आडवे करावे लागते.