वरणाचं पाणी, जुनी साडी आणि तीन शिट्ट्या

घरात पहिलं बाळ आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. आजी एक सांगते, शेजारच्या काकू दुसरं सांगतात आणि मोबाइल तिसरंच दाखवतो. यातले बरेचसे सल्ले मुळात चांगले असतात. अडचण येते ती त्यांच्या कारणांत. कृती बरोबर असते, पण तिच्यामागचं कारण चुकीचं सांगितलं जातं, आणि कारण चुकलं की पुढच्या पिढीत कृतीही बिघडते. मऊ वरणभाताचं नुसतं पाणी होतं, मोडाच्या नाचणीची जागा कोरा स्टार्च घेतो, मऊ सुती झबल्याच्या जागी गुळगुळीत पॉलिस्टर येतं. नव्या संसारात स्वयंपाक आणि शिवण सोपीच असावी असं माझं ठाम मत आहे. पण सोपं करताना काय गाळून चालणार नाही, हे नीट कळायला हवं.

सुरुवात वरणाच्या पाण्यापासून करू, कारण हा गैरसमज सगळ्यात जास्त घरांत आहे. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू करायचं, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. मग कुकरमधल्या डाळीवरची निवळ वाटीत काढून चमच्याचमच्याने भरवली जाते. ‘डाळीतला सगळा कस पाण्यात उतरतो’ हे त्यामागचं कारण. प्रत्यक्षात प्रथिनं आणि पिष्ट तळाशी बसलेल्या डाळीत राहतात, पाण्यात थोडे क्षार आणि चव तेवढी येते. बाळाचं पोट वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतं. म्हणजे आठ किलोच्या बाळाला एका वेळी एक मोठी वाटी, त्यापुढे जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ ते ८ महिन्यांत रोज सुमारे २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळायला हव्यात, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०. ती वाटी पाण्याने भरली तर पोट भरतं, पण बाळ उपाशी राहतं. म्हणून डाळ घोटून घ्यायची, तिच्यात मऊ भात कालवायचा आणि वर चमचाभर तूप घालायचं. एका लहान चमच्यात साधारण ४५ किलोकॅलरी असतात, तेव्हा तुपाला इथे खरोखर काम आहे. दाटपणा ओळखायची खूण अशी: चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळता कामा नये.

हा घास मिक्सरमधून गुळगुळीत करायची सवयही लवकर मोडलेली बरी. आठव्या महिन्यापर्यंत बाळाला वाटीच्या बुडाने कुस्करलेलं, किंचित कणीदार अन्न चालतं, शिजलेल्या गाजराचा तुकडा हातात धरून खाताही येतो. वर्षाच्या सुमारास ते घरातलंच जेवण जेवू शकतं. फक्त मीठ-तिखट पडण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढायचा. वेगळा स्वयंपाक करायची गरज नसते.

आता नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट. ‘मोड आणले की कॅल्शियम वाढतं’ असं मात्र नाही. ते होतं तेवढंच राहतं. मोड येताना क्षारांना बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं, त्यामुळे आहे ते कॅल्शियम आणि लोह अंगी लागायला मदत होते. दुसरा फायदा याहून मोठा आहे. मोडात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब रेणू तोडतं. साध्या नाचणीची खीर चार चमचे पिठातच लगदा होते. तेवढ्याच मोडाच्या पिठाची खीर पातळ राहते. म्हणजे त्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला ते गिळताही येतं. वरणाच्या पाण्याचा पातळपणा आणि हा पातळपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फायदा पदरात पाडायचा असेल तर दोन ठिकाणी जपावं लागतं. नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, बारीक पांढरे मोड आले की सावलीत खडखडीत वाळवायची आणि मग मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत परतायची. करपेपर्यंत भाजली तर विकर मरतं, पीठ खमंग लागतं पण खीर घट्टच होते. शिजवतानाही पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि ढवळत हळूहळू तापवायचं. उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या होतात आणि विकराला कामाला वेळच मिळत नाही. खीर सैल झालेली दिसली की मग तिला चांगली उकळी आणायची.

काही घरांत भिजवलेली नाचणी वाटून, दूध गाळून, खाली बसलेला साका वाळवतात. पचायला तो हलका खरा, पण त्यात जवळजवळ सगळा स्टार्च असतो. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या आवरणाजवळ असतं आणि ते वरच्या चोथ्याबरोबर टाकलं जातं. कॅल्शियमसाठी नाचणी द्यायची असेल तर मोडाचं पीठ बारीक चाळणीने चाळून वापरावं. वस्त्रगाळ करायचं ते अगदी सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतंच.

मधाबद्दल मात्र तडजोड नाही. बाळगुटी मधात उगाळून चाटवतात, ‘मध शुद्ध असला की काही होत नाही’ असं म्हणतात. शुद्धतेचा इथे काही संबंध नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. घरातल्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, बोटभरही नको.

दाण्याच्या कुटाचं उलट आहे. ‘शेंगदाणा, अंडं वर्षानंतर, नाहीतर ॲलर्जी होते’ ही भीती पूर्वी डॉक्टरही घालायचे. २०१५ साली लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाने ती मोडीत काढली. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तेव्हा पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांना सहा महिन्यांनंतर बारीक कूट खिचडीत घालायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो. तो, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत दूरच ठेवावीत.

कुकरने जीवनसत्त्वं मरतात म्हणून पातेल्यात डाळ शिजवणाऱ्या घरांची मला काळजी वाटते, कारण लहान बाळाच्या आईचा तास-तास गॅसपाशी जातो. घरगुती कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि वेळ खूप वाचतो. उष्णतेने नासणारी जीवनसत्त्वं वेळ कमी झाल्याने बरीचशी वाचतात. भरपूर पाण्यात भाजी उकडून ते पाणी ओतून देण्यात त्याहून जास्त नुकसान आहे.

शिट्ट्या मोजण्याची सवय मात्र फसवी. शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ, शिजण्याचं माप नव्हे. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत तीन शिट्ट्या होतात आणि डाळ कच्ची राहते. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून घड्याळ लावायचं. अर्धा तास भिजलेल्या तूरडाळीला मग दहाएक मिनिटं पुरतात, शिट्टी पुन्हा वाजो न वाजो. तरीही डाळ शिजत नसेल तर पाणी जड आहे का, आणि चिंच-टोमॅटो आधीच पडलाय का, ते पाहावं. आंबटात डाळ मऊ व्हायला वेळ घेते.

उरलेल्या भाताबद्दल थोडक्यात. फोडणी दिली म्हणजे शिळा भात निर्धोक झाला, असं नसतं. बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांच्या उलटी आणणाऱ्या विषावर फोडणीच्या आचेचा परिणाम होत नाही. त्यामुळे खरी काळजी घ्यायची ती आदल्या रात्री. भात परातीत पसरून लवकर निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकायचा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात लहान मुलाला देऊ नये.

आता शिवणाकडे. ‘पहिलं झबलं जुन्या कापडाचं’ ही रीत अनेक घरांत आहे. कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं काटकसर. खरं कारण कापडात आहे. नव्या सुती कापडावर खळ असते, पुष्कळदा सुरकुत्या पडू नयेत म्हणून रसायनंही लावलेली असतात. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीतून ती निघून गेलेली असतात आणि धागा मऊ पडलेला असतो. पण हे सुती साडीपुरतंच खरं. कारण विसरल्यामुळे हल्ली जुनी म्हणून पॉलिस्टरची साडीही बाळाच्या अंगाखाली येते, आणि ती घाम टिपत नाही. शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

आजीची नऊवारी म्हणजे ८.२ मीटर कापड. बसण्या-गुडघ्याशी विरलेला भाग सोडला तरी मीटरभराचे सहा तुकडे सहज निघतात. दोनदोन पदर एकावर एक ठेवले की तीन दुपटी झाली. विरलेला भाग शोधायला कापड खिडकीच्या उजेडासमोर धरावं. कडा सरळ हवी असेल तर पट्टी आणि खडूच्या भरवशावर राहू नये. काठाला बारीक चीर देऊन एक आडवा धागा हळूच ओढून काढायचा. त्याची रेघ कापडावर उमटते, त्या रेघेवरून कातर चालवली की तुकडा धुतल्यावरही तिरका होत नाही. नवं कापड असेल तर आधी पाण्यातून काढून वाळवायचं. पहिल्या धुण्यात सूत आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर शिवणीवर चुण्या पडतात.

‘मशीनशिवाय पक्कं शिवता येत नाही’ हे अर्धसत्य आहे. नुसता धावदोरा कच्चा असतो, एका जागी तुटला की सरकत उसवतो. पण सुई एक टाका पुढे वर काढून मागच्या टाक्याच्या टोकाशी पुन्हा आत घातली, तर त्या टिपेला चांगली ताकद येते आणि ओढलं तर ती थोडी ताणही घेते. झबल्याची बगल, पिशवीचा बंद, उसवलेली विजार, सगळं या टाक्यात निभतं. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. बटण लावताना त्यावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे, मग काडी काढून सुटलेल्या दोऱ्याभोवती खालून तीन-चार वेढे द्यायचे. काजाच्या कापडाला जागा मिळते आणि बटण तुटत नाही.

झबलं पुढून उघडं का असतं, याचं उत्तर मापात आहे. जन्मतः बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं आणि छाती त्याहून थोडी कमी. वर्षाच्या सुमारास दोन्ही ४६च्या आसपास येतात. मानेच्या मापाचा बंद गळा शिवला तर तो डोक्यातून जातच नाही, आणि नवशिकी आई समजते की आपल्याला बेतता येत नाही. गळा डोक्याच्या मापाने ठेवावा किंवा खांद्यावर उघडा ठेवावा. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापावी, म्हणजे कापडाच्या धाग्याला ४५ अंशांत. सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही, कितीही इस्त्री केली तरी.

कुंचीचं काय? कान-टाळू झाकायला ती छानच. पण गळ्याशी बांधायची नाडी झोपेत धोक्याची ठरते. युरोपात २००४ पासूनच्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाड्या चालत नाहीत. कुंची घालावी ती बाळ जागं आणि मांडीवर असताना. तसंच पहिल्या वर्षात गोधडी बाळाच्या खाली असावी, पातळ आणि ताणून घातलेली. अंगावर जाड पांघरूण नको, ते तोंडावर सरकतं.

घरी शिवल्याने पैसे वाचतातच, असंही नाही. कापड, दोरा, अस्तर धरलं तर तयार फ्रॉक पुष्कळदा स्वस्त पडतो. बचत होते ती दुरुस्तीत आणि वाढीव मुडपीत. दुसऱ्या वर्षात मूल साधारण १२ सेंटिमीटर उंच होतं, छाती मात्र मोजकीच भरते. म्हणून फ्रॉकच्या आणि विजारीच्या खालच्या कडेला पाच-सहा सेंटिमीटर मुडप ठेवली तर तेच कपडे आणखी एक हंगाम चालतात. मशीनच्या टिपेपेक्षा हातशिलाईने घातलेली मुडप उसवायला सोपी जाते.

तरीही मशीन घ्यावीशी वाटली तर साधी सरळ टीप घालणारी जुनीही पुरते. बघायला जाताना घरचं पातळ सुती कापड दुहेरी करून न्यावं, त्याच्यावर वीतभर टीप घालून दोन्ही बाजूंनी पाहावी. टीप वरून आणि खालून सारखी दिसायला हवी. टाके सुटत असतील तर मशीनला दोष देण्याआधी सुई बदलून मागावी. साधारण आठ तास शिवल्यावर सुईची धार जाते, आणि पातळ सुतासाठी ११ नंबरची, नेहमीच्या कापडासाठी १४ची सुई लागते. दुकानदार बहुधा एकच सोळा नंबर लावून ठेवतात.