पेहराव आणि उंचीचा भास : कमी उंचीच्या स्त्रियांसाठी वस्त्रांचे गणित

नवी दिल्ली : दुकानात कुर्ता आवडतो, रंग शोभतो, छातीचे मापही बसते, मात्र अंगावर चढवला की खांद्याची शिवण दंडावर उतरते, कंबरेचा आकार नितंबांपाशी येतो आणि गुडघ्याशी थांबावी ती कडा पोटरीच्या मध्यावर जाते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या असंख्य भारतीय स्त्रियांचा हा परिचित अनुभव आहे. दोष बहुतेकदा शरीराला दिला जातो; वास्तविक तो मापांत असतो. त्यामुळे ‘उंच कसे दिसावे’ हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. कापड कसे कापले जाते आणि डोळा कसा पाहतो, या दोन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

सरासरी उंची, तरीही ‘लहान’

भारतीय प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पाच फूट आहे. पाश्चात्त्य तयार कपड्यांच्या व्यवसायात पाच फूट चार इंच, म्हणजे सुमारे 163 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या स्त्रियांसाठी ‘पेटीट’ हा स्वतंत्र मापवर्ग मानला जातो. हा निकष लावल्यास सरासरी भारतीय स्त्रीच त्या वर्गात मोडते. असे असूनही बाजारातील अनेक कपडे परदेशी मापतक्त्यांवरून उतरवलेल्या नमुन्यांवर बेतलेले असतात. ही उणीव ओळखूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने ‘इंडिया साइज’ हा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांतील 15 ते 65 वयोगटातील 25 हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरद्वारे घेऊन भारतीय शरीरयष्टीला साजेसा मापतक्ता तयार करणे, हे त्याचे उद्दिष्ट.

डोळा उंची कशी मोजतो?

समोरच्या व्यक्तीची उंची डोळा सेंटीमीटरमध्ये मोजत नाही. तो प्रमाणांची तुलना करतो. पाय धडाच्या मानाने किती लांब आहेत, डोक्यापासून पावलांपर्यंत नजर किती ठिकाणी अडते, यावरून मनात अंदाज बांधला जातो. विरोधी रंगाचा पट्टा, रुंद काठ, घोट्याभोवतीचा बंद अशी प्रत्येक ठळक आडवी सीमा शरीराचे तुकडे पाडते. तुकडे जितके अधिक, तितकी उंची कमी भासते. त्यामुळे सलगता हे या साऱ्या शास्त्राचे मूळ सूत्र आहे.

याच संदर्भात उभ्या पट्ट्यांविषयीचा रूढ समज तपासून पाहण्याजोगा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 19व्या शतकातच दाखवून दिले होते की, समान आकाराच्या दोन चौरसांपैकी आडव्या रेषांनी भरलेला चौरस अधिक उंच व अरुंद भासतो, तर उभ्या रेषांनी भरलेला अधिक रुंद. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये हा भास वस्त्रांना लावून पाहिला आणि आडवे पट्टे देह रुंद दाखवतात, या समजुतीला आधार मिळाला नाही. पुढे जपानमधील संशोधनातून हा परिणाम सडपातळ आकृतीवर अधिक व स्थूल आकृतीवर कमी जाणवतो, असे दिसून आले. तात्पर्य, अंगभर दाट उभे पट्टे हा हमखास उपाय नव्हे. त्याऐवजी समोरच्या बटणपट्टीची, उघड्या जॅकेटच्या दोन कडांची किंवा एका खांद्यावरून सरळ सोडलेल्या ओढणीची एखादी सलग उभी रेषा अधिक उपयोगी ठरते.

साडीतील पट्ट्यांची दिशा

साडीच्या बाबतीत एक बारकावा सहज निसटतो. साडी देहाभोवती आडवी गुंडाळली जाते. त्यामुळे ताण्यातील, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणारे पट्टे कंबरेखाली आडवे दिसतात. बाण्यातील, म्हणजे काठापासून काठापर्यंत जाणारे पट्टे मात्र उभे दिसतात. पदर खांद्यावरून खाली सोडला की हीच दिशा उलटते. दुकानात घडी घातलेल्या साडीवरून हे कळत नाही. ती अंगावर धरूनच पाहावी लागते.

दुसरा प्रश्न पन्ह्याचा. साडीचा पन्हा साधारणतः 115 सेंटीमीटरच्या आसपास असतो, तर पाच फूट उंचीच्या स्त्रीच्या कंबरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर एक मीटरहूनही थोडे कमी भरते. उरलेले कापड कंबरेत खोचावे लागते आणि जाड रेशीम किंवा कडक सुती कापड असल्यास पोटाशी फुगवटा येतो. म्हणूनच चंदेरी, माहेश्वरी, कोटा डोरिया, जॉर्जेट, शिफॉन अशी हलकी व अंगाबरोबर पडणारी वस्त्रे सोयीची ठरतात. पैठणी वा कांजीवरम वर्ज्य मानण्याचे कारण नाही. अरुंद काठाची निवड, अंगाशी बसणारा कमी घेराचा परकर आणि पाच ते सात अरुंद, नीट दाबलेल्या निऱ्या यांनी तीही शोभून दिसते. पोलके साडीच्या रंगाशी जुळणारे असल्यास कंबरेपाशी सलगता टिकते. चप्पल आधी घालून मगच साडी नेसावी, म्हणजे खालचा काठ जमिनीला जेमतेम टेकतो व पावले झाकली जातात.

कुर्ता, विजार आणि पादत्राणे

कुर्त्याची कडा पोटरीच्या सर्वांत रुंद भागावर थांबली की पाय आखूड भासतात. गुडघ्याच्या किंचित वर किंवा घोट्याजवळ संपणारी लांबी अधिक अनुकूल असते. त्याच रंगछटेची सरळ विजार किंवा चुडीदार कमरेपासून टाचेपर्यंत एकच रेषा निर्माण करते. मोठ्या घेराचा अनारकली हवाच असेल, तर घेर छातीखालून सुरू होणारा घ्यावा. त्यामुळे कंबर वर असल्याचा भास होतो. पँट उंच कंबरेची असावी आणि कुर्ती वा शर्ट त्यात खोचल्यास पायांचे प्रमाण वाढते. नक्षी बारीक असल्यास देहाच्या प्रमाणात राहते.

पादत्राणांत टोकदार पुढा, त्वचेच्या किंवा विजारीच्या रंगाशी जवळीक साधणारी छटा आणि घोट्याभोवती पट्टा नसणे, या तीन गोष्टी टाचेच्या उंचीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. दीर्घकाळ सातत्याने उंच टाचा वापरल्यास पोटरीचे स्नायू आखडतात व शरीराचा भार पावलांच्या पुढील भागावर येतो. त्यामुळे रोजच्या वापरासाठी मध्यम, रुंद टाच किंवा सलग तळ अधिक हितावह.

शिंप्याकडे काय सांगावे?

तयार कपडा केवळ खालून कापून घेणे ही सर्वसाधारण चूक होय. कमी उंचीच्या देहात फरक एकाच ठिकाणी नसतो. खांदा ते छाती, छाती ते कंबर, कंबर ते गुडघा अशी सर्वच अंतरे थोडी थोडी कमी असतात. खालून चार इंच कापल्यास लांबी जुळते, पण कंबरेचा आकार व बाजूच्या कटांची सुरुवात मूळ जागीच, म्हणजे खाली राहते. त्यामुळे आधी खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आणून मुंढा वर घ्यावा, मग कंबर निश्चित करावी, कट त्यानुसार वर सरकवावेत आणि लांबी सर्वांत शेवटी, नेहमीची पादत्राणे घालून ठरवावी.

जिथे कपडे कामी येत नाहीत

या उपायांची मर्यादाही स्पष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत महिलांसाठी 155 सेंटीमीटर, तर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत सर्वसाधारण प्रवर्गातील महिलांसाठी 157 सेंटीमीटर उंचीची अट आहे. दोन्ही आकडे देशातील स्त्रियांच्या सरासरी उंचीपेक्षा अधिक आहेत, आणि तेथे मोजमाप अनवाणी होते. विवाहाच्या जाहिरातींतही उंची आकड्यांतच विचारली जाते. पेहराव हे आकडे बदलू शकत नाही. मुलाखतीच्या दालनात, व्यासपीठावर किंवा कार्यालयात मात्र खांद्यावर नेमका बसलेला कुर्ता आणि पायांत न अडखळणारी साडी वावर मोकळा करते. कपडे सावरण्यात गुंतलेले हात मोकळे झाले की पाठ आपोआप ताठ होते.