बिबट्या पालीचें घर

अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ मुलखांतील बिबट्या पाल आज अनेक देशांत पाळली जाते. घरांतल्या पालीप्रमाणें तिच्या बोटांना चिकट गाद्या नसतात. म्हणून कांचेची पेटी उंच नव्हे, लांबरुंद हवी. पेटीची एक बाजू सुमारें ३२ अंश सेल्सिअस, दुसरी २४ च्या आसपास ठेवावी. ऊब कमी पडल्यास खाल्लेलें पचत नाहीं. मात्र नियंत्रकावांचून ऊब देणें म्हणजे पोटाखालीं निखारा ठेवणेंच होय. दोन्ही बाजूंस लपावयास ढोली द्यावी. तिसरी ओल्या शेवाळाची. ती पुष्कळ हौशी लोक फुकटचा खर्च समजून टाळतात. मग कात अर्धवट सुटून बोटांभोंवतीं आवळते, रक्त थांबतें व बोट झडतें. तळाशीं सुटी वाळू शोभिवंत खरी, परंतु पोटांत गेल्यास आंतडें तुंबतें. त्यापेक्षां साधा कागद बरा.