पेढे आणि उडालेली झोप

मुलाला नोकरी लागली म्हणून मानपाड्यातले एक गृहस्थ दवाखान्यात पेढे देऊन गेले. "डॉक्टर, अख्खं जग ज्याच्यावर फोटो टाकतं ना, त्या कंपनीचं काम!" नोकरी खरे तर त्या कंपनीचे कंत्राट घेणाऱ्या दुसऱ्याच कंपनीत होती, पण पेढे वाटताना एवढा तपशील कोण सांगतो?

सहा महिन्यांनी मुलगा आला. तक्रार पित्ताची. रात्रपाळी असल्याने मीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या. चूक माझी. तिसऱ्या खेपेला तो बोलला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) लोकांनी तक्रार केलेल्या चित्रफिती पाहायच्या आणि ठेवायच्या की काढायच्या हे ठरवायचे, हे त्याचे काम. खून, आत्महत्या, लहान मुलांवरचे अत्याचार. झोपेत तेच दिसते, जेवण जात नाही. कामाबद्दल वाच्यता करणार नाही अशी सही दिलेली, म्हणून घरी गप्प.

याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नये. मानसिक आघाताच्या आजारात, पडद्यावर पाहिलेली भीषण दृश्येही ती कामाचा भाग असतील तर कारण ठरू शकतात, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्येच मान्य केले. अमेरिकेत असे काम करणाऱ्यांनी फेसबुकवर दावा लावला. मे २०२० मध्ये कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचे कबूल केले. आपल्याकडच्या मुलांना त्यातले काही मिळायचे नव्हते.

त्याने मला विचारले, "हे काम चांगलं की वाईट?" मी म्हटले, तू काढून टाकतोस म्हणून ते माझ्या नातीला दिसत नाही, यात लाज कसली? पण कंपनीचे सगळेच चांगले असेही नाही. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींना स्वतःचे शरीर अधिकच नकोसे वाटते, हे कंपनीच्याच संशोधकांना दिसले होते. फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ मध्ये ते कागद बाहेर आणले. तसे धैर्य त्याने दाखवावे, असे घराचे हप्ते त्याच्या पगारातून जात असताना मी कोणत्या तोंडाने सांगू?

सांगितले ते एवढेच. काय पाहिलेस ते सांगू नकोस, पण झोप उडाली हे घरी सांग. ते कंपनीचे गुपित नव्हे. पाळीच्या उत्तरार्धात चहा नको, दिवसा झोपताना खोलीत अंधार हवा. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, दारू तर नाहीच. असा त्रास महिनाभर टिकला तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मोफत बोलता येते. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

गेल्या आठवड्यात वडील रक्तदाब तपासायला आले. म्हणाले, "पोरगा आताशा दिवा लावून झोपतो. काही म्हणालाय का तुम्हाला?" मी म्हटले, त्यालाच विचारा, पण पगाराचा विषय न काढता. मुलाने जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागात बदली मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही.