१६२ विरुद्ध १

१८९९ चा हंगाम संपत आला असताना मेलबर्नजवळच्या जिलाँग शहरात एक सामना झाला. जिलाँग १६२, सेंट किल्डा १. छपाईत आकडा गळालेला नाही, एकच. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये इतकी कमी गुणसंख्या आजवर दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाही.

या एका गुणाचीही गंमत आहे. मैदान क्रिकेटसारखं लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, १ गुण. म्हणजे थोडक्यात नेम हुकला तरी पदरात काहीतरी पडतं. जिलाँगने २३ गोल केले आणि २४ बिहाइंड: १३८ अधिक २४. त्यांच्या जिम मॅकशेनने एकट्याने ११ गोल ठोकले. आणि सेंट किल्डाच्या अठरा जणांनी अख्खी दुपार घाम गाळून काय केलं, तर एकदा नेम हुकवला.

बरं, हा एखादा वाईट दिवस होता म्हणावं, तर तसंही नाही. या लीगचे, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे, पहिले सामने झाले ८ मे १८९७ रोजी. त्या दिवशी सेंट किल्डा कॉलिंगवुडकडून ४१-१६ असा हरला. पुढच्या आठवड्यात हरला. त्याच्या पुढच्याही. त्या वर्षीचे १४, १८९८ चे १७ आणि १८९९ चे १७, असे एकूण ४८ सामने, आणि ४८ पराभव. विजय सोडाच, एक बरोबरीसुद्धा नाही.

४८ हा आकडा तसा डोळ्यांत भरत नाही. पण दोन्ही संघ तुल्यबळ आहेत आणि निकाल नाणेफेकीवर ठरतोय, असं धरून पाहा. ओळीने ४८ वेळा हरण्याची शक्यता २८१ लाख कोटींत एक! पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांपैकी प्रत्येकाने एकेक क्लब काढला, तीन वर्षांत ४८ सामने खेळला, तीन वर्षं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर एवढ्या सगळ्या क्लबांत मिळून अशी दुर्दशा सरासरी एक लाख पाच हजार वर्षांतून एकदा घडेल. अर्थात हे गणित खोटं आहे, कारण मुळात संघ तुल्यबळ नव्हतेच. सेंट किल्डाची गाठ नाण्याशी नव्हती, एसेंडन आणि फिट्झरॉयसारख्या संघांशी होती.

मग इतका दुबळा संघ या लीगमध्ये शिरला कसा? १८९६ च्या ऑक्टोबरात सहा क्लब जुन्या फुटबॉल असोसिएशनमधून फुटून बाहेर पडले. आठाचा आकडा पुरा करायला त्यांनी कार्लटन आणि सेंट किल्डाला बोलावलं. दोघांचीही तेव्हाची कामगिरी बेताचीच होती. पण १८७३ साली स्थापन झालेल्या सेंट किल्डाकडे जंक्शन ओव्हल हे उत्तम मैदान होतं. पंगतीला जागा मिळाली, ती पाटाच्या जोरावर! (आपल्याकडे सेंट किल्डाचं नाव ऐकलेलं असेल ते क्रिकेटपटू शेन वॉर्नमुळे. क्रिकेटकडे वळण्याआधी तो याच क्लबच्या १९ वर्षांखालच्या संघातून फुटबॉल खेळला होता.)

५ मे १९०० रोजी, म्हणजे पहिल्या पराभवाला तीन वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी असताना, मेलबर्न क्लबविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला. तेवढ्यावरच गावजेवण घालायला हरकत नव्हती. पण सेंट किल्डाने तक्रार केली, की मेलबर्नला मिळालेला एक बिहाइंड सत्र संपल्याची घंटा झाल्यानंतरचा आहे. लीगने ती मानली, तो गुण कापला आणि ४९ व्या सामन्यात सेंट किल्डा एका गुणाने जिंकला. मैदानात मिळाला नाही तो विजय कचेरीत मिळाला. कहर म्हणजे त्या वर्षीचं विजेतेपद पुढे पटकावलं ते याच मेलबर्नने, आणि सेंट किल्डा सवयीप्रमाणे तळाला. पहिले सहाच्या सहा हंगाम तो तिथेच होता.

पहिलं विजेतेपद मिळायला १९६६ साल उजाडलं. अंतिम सामन्याला १,०१,६५५ प्रेक्षक होते, समोर पुन्हा कॉलिंगवुड. दोन्ही संघांचे गोल दहा-दहा. बिहाइंड मात्र १४ विरुद्ध १३. शेवटच्या क्षणी बॅरी ब्रीनने मारलेला चेंडू कसाबसा बाजूच्या खांबांमधून गेला आणि ७४-७३ ने चषक आला. आजपर्यंतचा एकमेव.

२०१० च्या अंतिम सामन्यात तेच दोन संघ आमनेसामने आले. या वेळी सेंट किल्डाचे गोल १०, कॉलिंगवुडचे ९. पण सेंट किल्डाचे बिहाइंड ८ आणि कॉलिंगवुडचे तब्बल १४, त्यामुळे ६८-६८. अखेरच्या मिनिटांत लेनी हेजने लांबवर मारलेला चेंडू टप्पा पडून वेडावाकडा उसळला, स्टीफन मिल्नला हुलकावणी देऊन निसटला आणि बाजूच्या खांबांमधून गेला. बरोबरी झाली ती या गुणाने. सामना पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळवला गेला. त्यात सेंट किल्डा ५६ गुणांनी हरला.