घरात कॅन्सरचे आजारपण आणि पोरांचे धावणे



गळीत हंगामात पहाटे पाचला आपल्या भागातल्या कुठल्याही सडकेवर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, काट्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, आणि दुसरी, कडेने पळणारी आपलीच पोरं-पोरी. कुणी सैन्य भरतीची तयारी करतो, कुणी पोलीस भरतीची. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. त्यांपैकी 20 गुण मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर धावण्याचे. तेव्हा हे पळणे म्हणजे हौस नव्हे, घराला लागलेली आशा आहे.

अशा घरात वडिलांना तोंडाचा किंवा आईला स्तनाचा कॅन्सर निघाला, की सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते ती पोराच्या धावण्यावर. "बाप अंथरुणावर आणि हा मैदानावर!" असे भावकीतले चार लोक बोलतात. पोरगंही मनातून खचते आणि बूट माळ्यावर टाकते. आमचे म्हणणे असे की, धावणे बंद करू नये, कमी करावे. ते का व कसे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हा हंगाम किती दिवसांचा?

कॅन्सरचा उपचार म्हणजे चार दिवसांची सलाईन नव्हे. किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात, तो तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरला बहुधा आठवड्याचे 5 दिवस असा 6 ते 7 आठवडे चालतो. केमोचे औषध पुष्कळदा दर 21 दिवसांनी देतात आणि असे डोस काही महिने चालतात. बार्शी असो, मिरज असो की मुंबईचे टाटा, घरचे एक माणूस रोग्यासोबत बांधले जाते. त्यातच ऊसतोड येते, खोडव्याला पाणी द्यायचे असते, सोसायटीचा भरणा असतो.

इतके महिने सोबतच्या माणसाने झोप सोडली, जेवण वेळी-अवेळी केले, चालणे-फिरणे थांबवले, तर घरात एकाचे दोन रोगी होतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात वेळ जात नाही म्हणून तंबाखूची पुडी हाती येते, हेही आम्ही पाहतो. ज्या पुडीने बापाचे तोंड गेले तीच पोराच्या खिशात! पळणाऱ्या पोराला ती नकोशी वाटते, हा धावण्याचा लहान फायदा नव्हे.

सरीआड पाणी

विहिरीचे पाणी कमी पडले म्हणून आपण ऊस वाळू देत नाही. सरीआड पाणी देतो व फड जगवतो. धावण्याचेही तसेच आहे.

याला शास्त्राचा आधार आहे. शिकागो येथील रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने 1981 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांकडून 10 आठवडे, आठवड्यातून 6 दिवस, दररोज 40 मिनिटे कसून सराव करून घेतला. मग काहींचा सराव 4 दिवसांवर, काहींचा 2 दिवसांवर आणला आणि पुढचे 15 आठवडे तसाच ठेवला. कमावलेला दमसास दोन्ही गटांत टिकून राहिला! 1982 साली त्यांनी दिवस तेच ठेवून मिनिटे कमी केली. तेव्हाही दमसास टिकला. फक्त 13 मिनिटांवर आणलेल्यांची फार वेळ तग धरण्याची ताकद घटली. 1985 साली मात्र त्यांनी सरावाचा जोरच कमी केला, तेव्हा दमसास उतरला.

यातून घ्यायचे ते इतकेच : दिवस कमी झाले तरी चालतील, मिनिटे कमी झाली तरी चालतील, वेग कमी होता कामा नये. 1600 मीटरवाल्याने आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे अंग मोकळे करून, 400 मीटरच्या चार वेगवान फेऱ्या माराव्यात. प्रत्येक फेरीनंतर दम खावा. पाऊण तासात सगळे उरकते. बाकीच्या दिवशी दवाखान्याचे जिने चढणे-उतरणे होतेच. रात्र जागून काढली असेल, तर त्या दिवशी वेगाने पळू नये. थकल्या अंगाने स्नायू दुखावला, तर महिनाभराची खोट.

तीन आठवड्यांचे पाळीपत्रक

केमोचा डोस 21 दिवसांचा असेल, तर त्याप्रमाणे आपलीही पाळी बसवावी.

पहिले चार-पाच दिवस रोग्याला मळमळ, उलटी व अशक्तपणा असतो. या दिवसांत जवळ राहावे. पळणे जमले तर पळावे, न जमले तर मनाला लावून घेऊ नये.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. रोगाशी लढायची ताकद तेव्हा सर्वांत कमी. या दिवसांत पळणाऱ्याने खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या घोळक्यात जाऊ नये. पळून आल्यावर साबणाने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच आईबापाजवळ बसावे. स्वतःला सर्दी-ताप असेल, तर सेवा दुसऱ्याकडे सोपवावी.

तिसरा आठवडा बहुधा बरा जातो. सराव वाढवायचा तो तेव्हा.

शेक असेल, तर शनिवार-रविवार बहुधा मोकळा मिळतो. एक पाळी तेव्हा घ्यावी, दुसरी मधल्या वारी. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्यांना शिवाजी पार्क जवळच आहे. पहाटे तिथे पळणारे पुष्कळ असतात. गावाकडे पळताना अंगात पांढरा सदरा असावा आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळावे. ट्रॉलीच्या मागे अंधारात पळणे जिवावर बेतते.

घरातली खबरदारी

कॅन्सर स्पर्शाने होत नाही. मशीनने बाहेरून शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून किरण येत नाहीत. नातवंडांना खुशाल जवळ बसू द्यावे. केमोनंतर 48 तास मात्र रोग्याची उलटी, लघवी साफ करताना रबरी हातमोजे घालावेत. दूध उकळूनच द्यावे. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, ऊस आपलाच असला तरी, या काळात रोग्याला देऊ नये.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, तर घरीच गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा. हे वाक्य सभासदांनी भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल.

डॉक्टरांची परवानगी असेल, तर संध्याकाळी रोग्यालाही अंगणात दहा मिनिटे चालवावे. हलक्या चालण्याने उपचाराचा थकवा कमी होतो. सकाळी पोरगं पळाले आणि संध्याकाळी बापाला हाताला धरून चालवले, तर दोघांचाही दिवस सार्थकी लागला.

केव्हा थांबावे?

ऑपरेशनच्या आठवड्यात आणि तापाच्या दिवशी पळण्याचा विचारही करू नये. आणि डॉक्टरच म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा," तर हिशेबच निराळा. तेव्हा उशाशी बसावे. भरती पुन्हा निघेल, आईबाप पुन्हा मिळत नाहीत.

सावड

एकट्याने हे निभत नाही. नांगरणीला, लागणीला आपण सावडीने एकमेकांच्या शेतात जातो. आजारपणात तशीच सावड का करू नये? शेजाऱ्याने आठवड्यातून दोन पहाटे तास-दीड तास रोग्याजवळ बसावे, एवढेच. कुणी तोडणीच्या टोळीकडे लक्ष द्यावे, कुणी खोडव्याची पाणीपाळी सांभाळावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद व रेल्वेची सवलत (ती रोग्याला आणि सोबतच्या एका माणसालाही मिळते) यांसाठी एखाद्या शिकलेल्या माणसाने धावपळ करावी. पळणारी मुलगी किंवा सून असेल, तर तिच्यासाठी हे अधिकच अगत्याने करावे. कारण तिच्या वाट्याला चूल, शेण व उशाशी जागणे हे सगळेच येते, आणि तिचे बूट सर्वांत आधी माळ्यावर जातात.

तेव्हा बंधू-भगिनींनो, शेजारच्या घरात बाप दवाखान्यात आणि पोर सडकेवर दिसले, तर नावे ठेवू नका. "आज किती वाजता निघतोस? मी येतो बसायला," एवढे विचारा.