उलट्या नळीतला बुडबुडा

हुबळी-धारवाडच्या नळांना पाणी येतं ते मुख्यतः सौंदत्तीजवळच्या, मलप्रभेवरील रेणुकासागरातून आणि नीरसागर तलावातून. असं पाणी पिण्याजोगं आहे का, हे तपासायची एक जुनी युक्ती आहे: पाण्यातल्या जंतूंना साखर खायला घालायची आणि ते मागे काय ठेवतात ते पाहायचं.

दुधातलीच साखर का?

विषमज्वराचे जंतू पाण्यात असले तरी थोडेच असतात, चटकन सापडत नाहीत. म्हणून माणसाच्या आतड्यात कोट्यवधींनी राहणारा इ. कोलाय हा जंतू शोधतात; तो सापडला, तर पाण्यात मैला मिसळल्याची शंका येते. तो दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मोडून आम्ल आणि वायू तयार करतो. विषमज्वराचा जंतू सहसा लॅक्टोजला तोंड लावत नाही. ग्लुकोजपासून आम्ल करतो, पण वायू नाही.

नळीत नळी

परीक्षानळीत लॅक्टोज घातलेला जांभळा मॅकॉन्की ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं द्रावण, असतो आणि त्यात एक चिमुकली नळी उपडी सोडलेली असते. ही हर्बर्ट डरहॅम यांची १८९८ मधली कल्पना. निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, तापताना तिच्यातली हवा निघून जाते आणि निवताना ती ब्रॉथने भरते. मग पाण्याचा नमुना घालून नळ्या ३७ अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवतात. आम्ल झालं की जांभळा रंग पिवळा होतो. वायू झाला की उपड्या नळीच्या माथ्याशी बुडबुडा अडकतो.

बुडबुड्यांवरून आकडा

पाणी १०, १ आणि ०.१ मिलिलिटर अशा मापांनी प्रत्येकी ५ नळ्यांत घालतात. कोणत्या मापाच्या किती नळ्यांत वायू झाला, ते कोष्टकाशी ताडून १०० मिलिलिटरमधल्या जंतूंची संभाव्य संख्या काढतात. इ. कोलायची खात्री मात्र पुढच्या, ४४ अंशांच्या चाचणीनंतरच होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये.

साखर किती संपली?

संशोधनात नेमकं मोजमाप लागतं. तेव्हा ठरावीक वेळाने ब्रॉथ काढून डीएनएस या साखर ओळखणाऱ्या रसायनाच्या द्रावणाबरोबर उकळतात. उरलेल्या साखरेच्या प्रमाणात द्रावणाचा पिवळा रंग तांबूस-तपकिरी होतो आणि तो ५४० नॅनोमीटरवर मोजतात. ग्लुकोज आंबवणाऱ्या यीस्टच्या बाबतीत तराजूही चालतो: हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तेवढं वजन घटतं.

फसगत कुठे होते?

उपड्या नळीत आधीचीच हवा राहिली, तर खोटा बुडबुडा दिसतो. ब्रॉथ जास्त तापला, तर साखर जंतूंआधीच मोडते. म्हणून शेजारी बिनजंतूंची एक नळी ठेवायची. तिच्यात काहीच घडलं नाही, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास.